गॅस पुन्हा पुन्हा का भरायचा?

प्रश्न : मे महिन्यात गाडीच्या एसीत दोनदा गॅस भरला. आठवड्यात पुन्हा गरम हवा. गॅरेजवाले म्हणतात, परत भरा. विश्वासच उडाला. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. आठवड्यात संपला म्हणजे गळती आहे. ती न शोधता पुन्हा गॅस भरणं ही दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या गॅरेजातून गळती तपासून लेखी घ्या आणि पहिल्याकडे लेखीच पैसे परत मागा. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षे, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पक्कं बिल मात्र हवं. घेतलं नसेल तर आधी ते मागून घ्या.