नित्य वापराच्या फोर-बाय-फोर गाडीचा लॉकर व आंस

पावसाळ्यांत काळ्या जमिनींतील पाणंदीनें माल बाहेर काढणें किती कष्टाचें असतें, हें शेतकरी बंधूंस निराळें सांगावयास नको. ह्या कामासाठीं पुष्कळांनीं फोर-बाय-फोर पिकअप घेतल्या आहेत. तीच गाडी सकाळीं चिखलांत व दुपारीं डांबरी रस्त्यानें बाजार समितीच्या आवारांत जाते. अशा दुहेरी कामाच्या गाडीस लॉकर कोणता असावा व आंस केव्हां बदलावा, ह्याचा विचार येथें करूं.

बैलगाडीचीं चाकें आंसावर सुटीं फिरतात. म्हणून वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरलें तरी अडत नाहीं. मोटारीचीं चाकें इंजिनानें फिरवावयाचीं असल्यामुळें ही सोय डिफरन्शियल करतो. परंतु तो दोन्ही चाकांस सारखाच जोर देतो. एक चाक चिखलांत निसटलें कीं त्यास पुरेल तेवढाच अल्प जोर दुसऱ्यास मिळतो व गाडी जागींच रुतते. ट्रॅक्टरचें लॉकचें पायडल दाबतांच दोन्ही चाकें बरोबर फिरूं लागतात; मोटारीचा लॉकर तेंच काम करतो.

त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, आंतील दांते वेल्डिंगनें कायमचे जखडणें. दुसरा, यांत्रिक लॉकर. दोन चाकांच्या गतींत मिनिटास सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडतांच हा आपोआप धरतो व ताशीं ३० किलोमीटरच्या सुमारास सुटतो. तिसरा, दाबलेल्या हवेनें किंवा विजेनें चालणारा, चालकानें बटण दाबल्यावरच धरणारा.

पहिला प्रकार स्वस्त म्हणून एका कारखानदाराच्या सल्ल्यानें आम्हीं तो करवून घेतला. प्रथम मागचे टायर वळणावर घासूं लागले. पुढें ऐन श्रावणांत, टमाट्याचे क्रेट भरलेले असतां, पाणंदींत आंसाचा दांडा तुटला. माल दोन दिवस तेथेंच सडला. हाच दांडा घाटांत तुटता, तर हा लेख लिहिण्यास आम्ही राहिलों असतों कीं नाहीं, कोण जाणे!

दांडा तुटण्याचें कारण उघड आहे. लॉक लागल्यावर ज्या चाकाची पकड चांगली, त्याच्या एकट्या दांड्यावर जवळजवळ सर्व जोर येतो. त्यांतहि हलक्या गाड्यांच्या सेमी-फ्लोटिंग आंसांत दांडा जोर देतो व भारहि वाहतो. तो तुटला तर चाकच निखळण्याचा संभव असतो. फुल-फ्लोटिंग आंसांत भार बाहेरील नळीवर राहतो, दांड्यानें केवळ फिरवावयाचें असतें. सबब ज्यांस नित्य जड ओझें न्यावयाचें आहे, त्यांनीं गाडी घेतांनाच असा आंस पाहावा. इतरांस क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे मजबूत दांडे पुरेसे होतात.

मोठे टायर घालण्याचा मोहहि आवरावा. २८ इंचांऐवजीं ३१ इंचांचा टायर घातल्यास परीघ सुमारें ११ टक्के वाढतो. पूर्वीचा ओढा राखण्यास ४.१० चें क्राऊन-पिनियनचें प्रमाण ४.५४ च्या जवळ न्यावें लागतें, तेंहि पुढील व मागील दोन्ही आंसांत सारखेंच. शिवाय मीटर ६० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्ष ६६ नें धावते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. आमचा जन्म दप्तरांत गेला. तोंडी होकाराची किंमत आम्ही जाणतों. परिवहन कार्यालय व विमा कंपनी ह्यांस लेखी विचारूनच हात घालावा. महिंद्रा थारसारख्या गाड्यांच्या कांहीं प्रकारांत मागील लॉकर कारखान्यांतूनच मिळतो. तो मार्ग निर्वेध होय.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम चिखलाचे चांगले टायर व हवेचा योग्य दाब, नंतर मागील आंसास दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा लॉकर, त्याबरोबरच दांड्यांची तपासणी. पुढील लॉकरानें सुकाणूं जड होतें व पुढील सांध्यांवर ताण येतो, म्हणून तो शेवटीं, व तोहि बटणाचाच. डांबरी रस्ता येतांच लॉक काढण्यास विसरूं नये. सुटावयाचें तेव्हां जो सुटत नाहीं, असा लॉकर नित्याच्या गाडीस न घातलेलाच बरा.