मशीनला सगळंच करायला लावू नकोस

अगं, तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तुझा सुतारकामाचा बेंचच घोळतोय. मशीन नवं आहे, म्हणून अख्खा बेंच त्यातूनच काढायचा तुझा हट्ट मी समजू शकते. पण जरा ऐक. बेंचला वजन लागतं, ताठपणा लागतो, सपाटी लागते. तुझ्या छोट्या सीएनसी राउटरकडे आहे तो नेमकेपणा. तेवढाच त्याच्याकडून घे.

फ्रान्सच्या रूबोने १७६९ पासून छापलेल्या ग्रंथातला तो जाडजूड बेंच तुझ्या मनात भरलाय. बेंच देखणाच आहे. पण तेवढी जाड, नीट सुकलेली फळी मिळाली तरी ती पावसाळ्यात रुंदीला फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. आणि ती सपाट करायला आधी एक बेंच हवा! तू आपली १८ मिमीची चांगली प्लाय घे. आठ बाय चारच्या शीटमधून दुकानातच पॅनल सॉवर १५०० बाय ६०० चे दोन तुकडे कापून घे आणि एकमेकांवर चिकटव. वीसेक किलोचा टॉप होतो. मशीनच्या सहाशे बाय चारशेच्या बेडवर तो चढवण्याची खटपट नको.

मशीनची खरी गंमत पायांत आहे. प्रत्येक पाय प्लायच्या तीन थरांचा कर. बाहेरचे दोन थर सलग, मधला तुकड्यांचा. दोन तुकड्यांमध्ये जी जागा सोडशील तीच आडव्या पट्टीची खाच. खोल कोरायला नको, की गोल टूलमुळे कोपरे गोल राहिले म्हणून पटाशी घेऊन बसायला नको. मधले तुकडे छोटे, तुझ्या बेडवर आरामात बसतात. त्यांत ८ मिमीची भोकं मशीनने पाड, आणि तोच तुकडा धरून बाहेरच्या थरांत ड्रिल कर. लाकडी खुंट्या ठोकल्या की क्लँप आवळताना ओल्या फेव्हिकॉलवर थर सरकत नाहीत. जिने हाताने थर चिकटवलेत तिलाच हे सुख कळेल! आणि १८ ची प्लाय १८ असतेच असं नाही. व्हर्नियरने मोज, मगच फाईलमध्ये आकडा घाल.

टॉपवर क्लँप अडकवायच्या भोकांचंही तसंच. २० मिमीची भोकं ९६ मिमीच्या अंतरावर हवीत ना? मशीनवर एमडीएफचा एक छोटा साचा काप. तो टॉपवर लांब सरळ पट्टीला टेकवून पुढे पुढे सरकवत जा आणि हातातल्या राउटरने, बेअरिंगच्या बिटने भोकं पाड. पट्टीशिवाय सरकवलास तर प्रत्येक वेळची केसभर चूक साठत जाते.

फीडबद्दल, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाबद्दल, एक सांगते. नवीन माणूस घाबरून मशीन हळू चालवतो, तिथेच लाकूड जळतं. टूल कापायचं सोडून घासत बसतं आणि तापतं. १८,००० आरपीएम, दोन धारांचं टूल, दर धारेला ०.०५ मिमी धरलं तर मिनिटाला १८०० मिमी होतात. भीती वाटली तर फीडला हात लावू नकोस, खोली कमी कर. एका फेरीत दोन मिमी पुरे.

आता जे टाळशील अशी मला धास्ती आहे ते. मास्क लाव गं. लाकडाची धूळ १९९५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींत घातली आहे. एमडीएफची धूळ तर फार बारीक असते, खिडकी उघडून भागत नाही. व्हॅक्यूम जोड. केस बांध, ओढणी आणि बांगड्या बाहेर ठेवून ये, हातमोजे मात्र घालू नकोस. आणि मशीन चालू असताना चहा टाकायला जायचं नाही, टूलखाली ठिणगी पडली तर तिथे कोणीतरी हवं.

पण हे सगळं कापायच्या आधी बेंचची उंची ठरव. बूट घालून सरळ उभी राहा, हात खाली सोड, मनगटाची घडी जमिनीपासून किती वर आहे ते मोजून घे. त्यातून टॉपचे ३६ मिमी वजा केलेस की पायाची लांबी येते. आकडा रात्री मला पाठव, फाईलही पाठव. मी एकदा नजर टाकते, मग शीट आणायला जा.