डोळ्याला किती उजेड पुरतो? मोजमापाच्या वाटेवरचे करिअर

मुलीने मानसशास्त्र घ्यायचे म्हटले की घरात पहिली काळजी उमटते ती गणित-विज्ञान सुटल्याची. मानसशास्त्रातलेच दृष्टिसंवेदनाचे संशोधन पाहिले तर ही काळजी टिकत नाही. कोलंबिया विद्यापीठातील हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांचा १९४२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. अर्धा तास अंधारात बसवलेल्या माणसाला सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती हिरवट चमक दाखवायची आणि ‘दिसली का?’ विचारायचे. दहापैकी सहा वेळा होकार येण्यासाठी डोळ्यावर ५४ ते १४८ फोटॉन पडावे लागले. बरेचसे वाटेतच वाया जातात. डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेड टिपणाऱ्या दंडाकार पेशींत शोषले जातात ते ५ ते १४, असा त्यांचा हिशेब. चमक पडत होती त्या भागात अशा सुमारे ५०० पेशी होत्या, म्हणजे एकीवरच दोन फोटॉन पडण्याचा संभव फार कमी. तेव्हा पेशी जागी व्हायला एकच फोटॉन पुरत असला पाहिजे. डोळ्याला हात न लावता, नुसत्या होकार-नकारांवरून आणि संभाव्यतेच्या गणितावरून काढलेला हा निष्कर्ष मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या निष्कर्षांपैकी एक वाटतो.

पण होकारावर विश्वास किती ठेवायचा? कुणी पुसटशी शंका आली तरी ‘हो’ म्हणतो, कुणी खात्री पटेपर्यंत गप्प राहतो. डोळे सारखे असूनही आकडे वेगळे येतात. म्हणून पुढे दोन वेळांपैकी एकदाच चमक दाखवून ‘चमक पहिल्या वेळी होती की दुसऱ्या?’ असे विचारून एक पर्याय निवडायलाच लावण्याची पद्धत रुळली. उत्तर देणाऱ्याचा स्वभाव आणि त्याच्या डोळ्याची क्षमता वेगळी काढण्याची ही शिस्त, हेच या शिक्षणाचे खरे मोल. त्यासाठी संख्याशास्त्र लागते. कला शाखेत गेलात तरी गणित सोडू नका.

पोट भरेल का, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. निव्वळ संशोधनाच्या जागा मोजक्या आहेत आणि पीएच.डी.पर्यंत धीर लागतो. आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठ येथे संज्ञानविज्ञानाचे, म्हणजे मन आणि मेंदूच्या अभ्यासाचे, शिक्षण मिळते. लवकर कमावते व्हायचे असेल, तर विज्ञान शाखेतून बारावीनंतर नेत्रतपासणीचा चार वर्षांचा बी.ऑप्टोम. अभ्यासक्रम आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिपचे. त्या कामातही वरचेच मोजमाप येते: काचबिंदूच्या रुग्णाची दृष्टिक्षेत्र चाचणी म्हणजे ठिकठिकाणी अंधुक ठिपके दाखवून, दिसायला किमान किती उजेड लागतो ही मर्यादा मोजणे. ते तर यंत्रच करते, असे कुणी म्हणेल. पुढचा ठिपका किती अंधुक असावा हे यंत्र ठरवते, खरे. पण रुग्ण थकला आहे, की ठिपका नसतानाही घाईने बटण दाबतो आहे, की त्याची नजर खरोखर उणावली आहे, हा निवाडा जाणत्या माणसालाच करावा लागतो, आणि पुढचे उपचार त्यावर अवलंबून असतात.