टिकणारे पीक कोणते?



गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळ्यांतील तरुणांनी मला एक प्रश्न वारंवार विचारला. गांजाच्या झाडापासून धागा, कागद, तेल होते, त्याला कापसापेक्षा पाणी कमी लागते, मग सातपुड्यातील आपल्या आदिवासी बांधवांनी ते का लावू नये? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून या अंकाचा पाठ त्यावरच घेऊ.

झाड काय आहे?

भांग, गांजा, चरस आणि मजबूत धागा हे सारे एकाच जातीच्या झाडापासून मिळते. धाग्यासाठी बी दाट पेरतात. झाड सरळ, उंच वाढते आणि खालचे तण दबते. गांजासाठी झाडे अंतरावर लावतात आणि नर झाडे उपटून टाकतात, कारण नशेची राळ मादी झाडाच्या फुलोऱ्यात असते. नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. उत्तराखंडात धाग्यासाठी परवान्याने लागवड सुरू झाली, तेव्हा हे द्रव्य 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे अशी अट घातली गेली. 2021 मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या झाडाचे बी खाद्य म्हणून वापरण्यास मान्यता दिली. म्हणजे झाड मुळात पापी नाही.

कायदा काय म्हणतो?

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय या झाडाची लागवड हा गुन्हा आहे. शिक्षा 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. धागा किंवा बियांसाठी परवानगी देण्याचा अधिकार कलम 14 ने सरकारला दिला आहे, पण तो कागद हाती नसेल तर "मी धाग्यासाठी लावले" हे उत्तर चालत नाही. कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे ठाऊक असूनही न कळवणारा जमीनधारकही दोषी ठरतो. वनहक्क कायद्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तेव्हा ही जबाबदारी बाईवरही येते, हे पाड्यावर फार थोड्यांना माहीत असते.

डोंगरात काय घडते?

तापी ओलांडली की शिरपूर तालुक्याचा सातपुडा लागतो. तेथे वनजमिनीवर, कापूस-मक्याच्या आड गांजा सापडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. एका पाड्यावरच्या बहिणीने मला सांगितले, "दादा, बी त्यानेच आणून दिलं, पैसेही आधी दिले. पोलीस आले तेव्हा तो कुठे होता, कुणाला ठाऊक. शेतात आम्हीच होतो." तिचा नवरा तुरुंगात गेला, वकिलाच्या पैशासाठी दोन्ही बैल विकले आणि पुढचा पावसाळा आला तेव्हा शेत पडीक होते. त्या जमिनीला गांजाने काही अपाय केला नव्हता. नांगर धरणारा माणूसच उरला नव्हता.

टिकाऊ म्हणजे काय?

लेवीय 25 वा अध्याय पुन्हा उघडून पाहा. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा हे तिथे आहे, आणि गरिबीमुळे हातची गेलेली जमीन योबेल वर्षी कुटुंबाला परत मिळावी हेही त्याच अध्यायात आहे. मातीचे आरोग्य आणि मातीवरचा कुटुंबाचा हक्क या दोन गोष्टी शास्त्राने वेगळ्या केल्या नाहीत. म्हणून टिकाऊ पिकाची परीक्षा दुहेरी आहे: माती टिकते का, आणि घर टिकते का? चोरून लावलेला गांजा दुसऱ्या परीक्षेत नापास होतो. त्याला बाजारभाव विचारता येत नाही, पीकविमा नाही, फसवणूक झाली तर तक्रार नाही.

उद्या सरकारी परवान्याने धाग्याची शेती आपल्या भागात आली, तर विरोध करण्याचे कारण नाही. पण चार गोष्टी आधी हव्यात: गटाच्या नावे परवाना, प्रमाणित बी, टीएचसी तपासणारी प्रयोगशाळा आणि लेखी करार करणारा खरेदीदार. यातली एकही नसेल, तर धोका सगळा शेतकऱ्याचा राहतो.

आज हातात काय आहे?

अंबाडी. तिचे पान गांजाच्या पानासारखे दिसते, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' आहे. पण तिला परवाना लागत नाही. पाल्याची भाजी होते, सालीचा दोर होतो. मात्र साल सुटावी म्हणून खोडे पाण्यात कुजवतात, ते पिण्याच्या पाणवठ्यावर करू नये. दुसरा ताग. फुलावर येताना, साधारण दीड महिन्यात, तो जमिनीत गाडला की हिरवळीचे खत होते. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात.

या पिकांना गांजाचा भाव मिळणार नाही, हे उघड आहे. भाव वाढतो तो प्रक्रियेने. आपल्या अमळनेरातच 1945 साली शेंगदाण्याच्या तेलाचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या उरलेल्या मालातून साबण निघाला. तीच कंपनी आज विप्रो म्हणून जगाला माहीत आहे. उघडपणे विकता येणाऱ्या पिकाभोवती गावात कामधंदा उभा राहतो. लपवलेल्या पिकाचा नफा रात्रीच्या गाडीतून निघून जातो.

म्हणून आपल्या मदतीचा रोखही तिकडेच असू द्या: बियाणे, दोर वळण्याचे साधन, पट्ट्याच्या कागदांसाठी मदत, आणि पेरणीआधी हातात थोडे पैसे. कारण आगाऊ रक्कम घेऊन दलाल याच दिवसांत दारी येतो. ज्यांचा माणूस तुरुंगात आहे त्या घरांकडेही पाठ फिरवू नका. त्यांच्या मुलांची शाळा सुटू न देणे हेही जमीन राखणेच आहे.

चर्चेसाठी

1. आपल्या ओळखीच्या पाड्यावर पेरणीसाठी उसने पैसे कोण देतो? कोणत्या अटीवर?
2. पट्टा दोघांच्या नावे असल्याचे तेथील बहिणींना माहीत आहे का?
3. अंबाडीचा दोर किंवा पाला आपली मंडळी थेट विकत घेऊ शकेल का?