अक्षरओळख : आधीं नाद, मग रूप

लहान मुलाला अक्षरें शिकविणें हें काम वरवर पाहतां अगदीं सोपें वाटतें. पाटीवर ‘अ’ काढावा, मुलाकडून तो गिरवून घ्यावा, ‘अ अननसाचा’ असें दहा वेळां म्हणवून घ्यावें, कीं झाली अक्षरओळख, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अशा रीतीनें सारी मुळाक्षरें तोंडपाठ केलेल्या मुलापुढें मधलेंच एखादें अक्षर ठेवून पाहावें. कित्येकदां तें मूल ‘क’ पासून मनांतल्या मनांत म्हणत म्हणत त्या अक्षरापर्यंत येतें. त्याच्या जिभेला अक्षरें ठाऊक असतात, डोळ्याला नसतात. पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, ही गोष्ट पालकांनीं, आणि ज्यांच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत त्या विद्यार्थ्यांनीं, प्रथम ध्यानांत घ्यावी.

या समजुतीची किंमत मुलाला पुढें मोजावी लागते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्याला वाचतां आलें नाहीं, त्याला पांचवींत गणितही येत नाहीं, कारण उदाहरण सोडविण्यापूर्वीं तें वाचावें लागतें. त्याची बुद्धि मंद नसते. पण तो मंद आहे असें इतरांस वाटूं लागतें, आणि कांहीं दिवसांनीं त्याला स्वतःलाही तसेंच वाटूं लागतें. याहून मोठें नुकसान दुसरें नाहीं. केंद्र शासनानें ५ जुलै २०२१ रोजीं ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलें, त्याचा हेतु तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचूं लागावें हाच आहे.

आपल्या वर्णमालेकडे पाहिलें तर शिकविण्याची दिशा तीच दाखविते. प्राचीनांनीं वर्णांचा क्रम आकारावरून लाविला नाहीं. ध्वनि मुखांत कोठें उत्पन्न होतो यावरून लाविला. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दांत असे करीत आपण ओठांशीं येतों. क, च, ट, त आणि प हे पांच वर्ग म्हणजे हीं पांच स्थानें होत. आपल्या जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत ब्राह्मी लिपींतील लेख आहे. देवनागरी त्याच ब्राह्मीपासून क्रमानें उत्पन्न झाली, तरी तो लेख आज आपणांस शिकल्यावांचून वाचतां येत नाहीं. दोन हजार वर्षांत अक्षरांचीं रूपें इतकीं पालटलीं. वर्गांचा क्रम मात्र ढळला नाहीं. नाद हा मूळ, रूप हें त्याचें चिन्ह.

म्हणून पहिली पायरी कानाची असावी. तिला पाटी लागत नाहीं. ‘म’ दाखविण्यापूर्वीं तो ऐकवावा. मामा, माठ, मीठ, मांजर हे शब्द सावकाश उच्चारून प्रत्येकाच्या आरंभीं ओठ कसे मिटतात तें मुलाला आरशांत पाहूं द्यावें. ओठांसमोर कागदाचा कपटा धरून ‘प’ म्हणावा, मग ‘फ’ म्हणावा. पहिल्यानें कपटा जेमतेम हलतो, दुसऱ्यानें उडतो; मुलाला याची मोठी मौज वाटते आणि दोन ध्वनींतील भेद कायमचा कळतो. हें शिकविण्यास अक्षरज्ञानही लागत नाहीं. जिनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं अशी आईसुद्धां भाकरी थापतां थापतां विचारूं शकते, ‘भाकरीसारखें सुरू होणारें आणखी काय काय आहे बरें?’ भाजी, भात, भांडें, भाऊ अशीं उत्तरें मूल आपण होऊन देईल. घरांत मराठीऐवजीं उर्दू किंवा बंजारा बोली असली तरी अडत नाहीं. हा खेळ कोणत्याही भाषेंत खेळतां येतो.

आपल्या शहरांत शहागंजांतून नुसतें चालत गेलें तरी देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या मुलाच्या डोळ्यांपुढें येतात. उर्दूंत ‘ज’ या ध्वनीच्या अक्षराचें नांव जीम. इंग्रजींत ‘ह’ या ध्वनीच्या अक्षराला एच म्हणतात. नांव एक आणि नाद दुसरा, यामुळें बालक गोंधळतें. तेथें नांवाबरोबर नादही सांगत जावें. देवनागरींत हा त्रास फारसा नाहीं. अक्षराचें नांव तोच बहुधा त्याचा ध्वनि.

दुसरी पायरी डोळ्याची आणि बोटाची. येथें वर्णमालेच्या क्रमाचा आग्रह नको. ग, म, न, र, क हीं पांच अक्षरें ओळखूं आलीं कीं नगर, मगर, गरम, नरम हे शब्द लागलीच वाचतां येतात. त्यांत काना मिळविला कीं कान, नाक, काम, नाग, मका हेही येतात. आपण वाचूं शकतों हा आनंद मुलाला पहिल्या आठवड्यांतच मिळाला पाहिजे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशीं शिकवूं नयेत. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत त्यांचा ध्वनि म्हणतात. आपल्याकडे जुन्या पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटीवरही बोटच फिरे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. तेथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं पानें, शिंपले, खडे अशा फुकट मिळणाऱ्या वस्तु शिक्षणाचीं साधनें केल्या. ताटांत पसरलेले तांदूळ किंवा वाळू आपल्याही घरीं पुरे. पेन्सिल मागून यावी. तीन वर्षांच्या हाताला ती पेलत नाहीं.

तिसरी पायरी जोडणीची, आणि खरी अडचण येथेंच येते. ‘क’ ‘म’ ‘ळ’ हीं अक्षरें सुटीं म्हणतांना प्रत्येकांत ‘अ’ असतो. ‘कमळ’ म्हणतांना शेवटचा ‘अ’ गळतो. म्हणून अक्षरें तोडून न म्हणतां एकांत एक सरकवून म्हणावीं. ‘कि’ मधील वेलांटी आधीं दिसते व मागून ऐकूं येते. ‘तर्क’ मधील ‘र’ आधीं ऐकूं येतो, पण दिसतो ‘क’च्या डोक्यावर. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ एकच दिसतो, उच्चार मात्र दोन. येथें चुकणारें मूल बेपर्वा नसतें. लिपीच तेथें वळण घेते. तें वळण त्याला सांगावें, रागावूं नये.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला रोज दहा मिनिटें द्या. तें काल कोठें अडलें होतें तें स्मरणांत ठेवा, दुसऱ्या मुलाशीं त्याची तुलना करूं नका, आणि कंटाळण्यापूर्वींच खेळ थांबवा. शाळा उघडेल तेव्हां तें दुकानावरील एखादी पाटी थांबून वाचूं लागलें, तर तुमची सुटी सार्थकीं लागली असें समजा.