राखलं तर रान येतं

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याला आहेत. शहापूरच्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबई पिते. तानशाचं धरण तर १८९२ सालचं. एवढं पाणी देणाऱ्या तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. डोंगरावरचं रान विरळ झालं की झरे आधी आटतात, हे हंडा वाहणाऱ्या कुठल्याही बाईला वेगळं सांगावं लागत नाही. उजाड झालेलं रान पुन्हा उभं करण्याच्या कामात या गावांबरोबर वावरताना जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

१. खड्डे खणण्याआधी खोडं बघा

मालकीच्या वरकस जमिनीवरचं रान ठेकेदार तोडून नेतो, तेव्हा डोंगर बोडका दिसतो. पण मुळं जिवंत असतात. पाऊस पडला की ऐन, साग, बोंडारा, धावडा यांच्या बुंध्याभोवती आठ-आठ, दहा-दहा धुमारे फुटतात. त्यांतले दोन-तीन सरळ, जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे. मग गुरं, कुऱ्हाड आणि आग यांना तिथे फिरकू द्यायचं नाही. जुन्या मुळांचं बळ पाठीशी असल्याने हे धुमारे रोपवाटिकेतल्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. त्याच उतारावर जुलैत लावलेलं रोप मार्चच्या उन्हात पाण्यावाचून जातं, आणि खड्डे खणताना जुनी मुळं तुटतात ती वेगळीच.

जिथे माती वाहून गेली, खोडंही उरली नाहीत, तिथे लागवड जरूर करावी, पण स्थानिक झाडांची. गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर हिरवा दिसतो. इथल्या पाखरांना आणि फुलपाखरांना त्यात खायला फारसं काही मिळत नाही.

२. वणवा आणि वीटभट्टी यांचा मोसम एकच

दिवाळीनंतर भात झोडून झालं की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. नेमकं याच काळात गवत वाळतं आणि फेब्रुवारीपासून वणवे सुरू होतात. रानाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं तेव्हा गावात नसतात.

वणव्याने मोठा ऐन सहसा मरत नाही, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांची रोपं, पडलेलं बी, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी मात्र जळून जातात. दरवर्षी जळणाऱ्या रानात म्हातारी झाडं दिसतात, तरणी दिसत नाहीत. माघ संपायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, काढून झाली पाहिजे. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तो झाडून बाजूला करावा किंवा खाली जुन्या साड्या अंथराव्यात. जाळरेषेचं काम रोजगार हमीतून वेळेवर निघालं, तर काही घरं तरी भट्टीवर जायची थांबतात. गावात काम असणं हा वणव्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

३. राबाला नावं ठेवू नका, पर्याय द्या

भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टाहाळ (ऐनासारख्या झाडांच्या उतरवलेल्या फांद्या), पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं, हा राब. तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं, रोप जोमात येतं. शेतकऱ्याचा हिशोब चुकीचा नाही. त्याची किंमत ऐन मोजतो. दरवर्षी फांद्या उतरवलेला ऐन विजेच्या खांबासारखा उभा राहतो. त्याला फळच धरत नाही, मग बी कुठून पडणार?

नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफ्यांवर थेट भाताचं बी टोकतात. राब, चिखलणी आणि लावणी, तिन्ही वाचतात. शेजारच्या बांधापलीकडे असं पीक उभं दिसलं की माणूस स्वतःहून चौकशी करतो. नुसतं भाषण ऐकून कोणी कोयता खाली ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

४. विरळ रान म्हणजे पडीक रान नव्हे

रानपिंगळा हे दिवसाउजेडी शिकार करणारं छोटं घुबड. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यात दिसला. त्याला सागाचं मोकळं रान लागतं, सरडे-उंदीर लागतात आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते. अशा रानातली मोकळी जागा रोपांनी भरून टाकली, तर आपण त्याचं घर मोडतो. म्हणून कुठल्याही जागेवर काम सुरू करण्याआधी तिथे कोण राहतं ते बघावं, आणि ढोलीचं वठलेलं झाड तर मुळीच तोडू नये.

५. रान खाणारा रान राखतो

वळवाचे एक-दोन पाऊस पडले की जमिनीतून शेवळाचे जांभळट कोंब वर येतात. बाया ते सोलतात, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, चिरतात आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवतात. काकड नसेल तर शेवळाने घसा खाजतो. म्हणून शेवळ खाणारी बाई काकडाच्या झाडाला कोयता लागू देत नाही, आणि कोंब काढताना कंद हलवत नाही. रोपवाटिकांच्या यादीत हे झाड सहसा नसतं; ते कुठे कुठे आहे हे तिलाच ठाऊक असतं.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल विकायला सुरुवात केली. २०२१ मध्ये त्यांना औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी आली. वेल मुळापासून न उपटता वरून कापली, तरच ती पुन्हा फुटते आणि पुढच्या वर्षीही पैसा देते. पोट रानावर असलं की हा नियम पाळला जातो.

६. जनावरांच्या वाटा मोकळ्या ठेवा

विहिरीतून सोडवलेल्या एका नर बिबट्याला २००९ मध्ये वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. ‘आजोबा’ हे त्याचं नाव. तो कसाऱ्याकडून, वसईची खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने तो गेला. आज या पट्ट्यात फार्महाउसच्या भिंती वाढल्या आहेत, आणि जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही शहापुरातून पूर्ण सुरू आहे. इथे प्लॉट घेतलाच असेल, तर भिंतीऐवजी करवंदीचं कुंपण घाला, ओढा बुजवू नका आणि रात्रभर दिवे जाळू नका.

७. ठराव ग्रामसभेचा हवा

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. शेवळ कुठे उगवतं, कोणता झरा कधीपासून आटला, हे गावाने स्वतः बसून लिहिलं तर ती वही कामाला येते. बाहेरून कोणी भरून दिलेली वही कपाटात पडून राहते. कुऱ्हाडबंदीचंही तसंच. दंड किती, राखणीची पाळी कोणाची, हे गावाने ठरवलं तर बंदी टिकते.

मुंबई-ठाण्याहून दर पावसाळ्यात रोपं घेऊन येणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. तुमची तळमळ खरी आहे, पण जुलैऐवजी माघात या. ज्या गावाने रान राखायचा ठराव केला आहे, तिथे जाळरेषेच्या आणि राखणीच्या मजुरीला हातभार लावा. तुमच्या नळाला येणारं पाणी याच डोंगरांतून येतं.