आजोळचा वारसा आणि मूत्रपिंडे

'हा आजार आमच्या घराण्यातच आहे,' असे आपण अनेकदा ऐकतो. घराणे म्हणजे वडिलांकडचे, असे आपण गृहीत धरतो. परंतु काही आजारांचा माग काढण्यासाठी आजोळी जावे लागते.

आपल्या बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) असतात. अन्न व प्राणवायू यांच्या साहाय्याने त्या पेशीला ऊर्जा पुरवतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. त्याची संपूर्ण मांडणी १९८१ साली वाचण्यात आली. त्यात ३७ जनुके आहेत. हा डीएनए मुलगा आणि मुलगी दोघांनाही आईकडूनच मिळतो; पुढच्या पिढीला मात्र तो मुलीच देतात.

आता मूत्रपिंडांकडे वळू. ती दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव गाळतात. मूत्र मात्र साधारण दीड लीटरच होते. उरलेले पाणी, साखर आणि क्षार सूक्ष्म नलिका रक्तात परत घेतात. या अखंड कामाला पुष्कळ ऊर्जा लागते. तंतुकणिका दुबळ्या झाल्या, की उपयुक्त द्रव्ये मूत्रावाटे वाहून जातात, मुलांची वाढ खुंटते आणि हाडे कमकुवत होतात. काही रुग्णांत गाळणीच बिघडते व मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात.

या डीएनएच्या ३२४३ व्या स्थानावरील दोष १९९० साली उजेडात आला. त्यामुळे मधुमेह, बहिरेपणा आणि मूत्रपिंडाचा विकार एकाच व्यक्तीत आढळू शकतो. अशा वेळी सारा दोष मधुमेहाला दिला जातो आणि खरे कारण झाकलेले राहते.

याचे महत्त्व प्रत्यारोपणाच्या वेळी कळते. भारतात १९९४ च्या कायद्यानुसार जवळचे नातेवाईक मूत्रपिंड दान करू शकतात. पुष्कळ घरांत आई सर्वांआधी पुढे येते. परंतु या आजारात आई व सख्खी भावंडे यांच्यातही तोच दोष असू शकतो. सदोष तंतुकणिकांचे प्रमाण व्यक्तिगणिक वेगळे असल्याने दाता वरवर निरोगी दिसतो. म्हणून दान करण्यापूर्वी त्यांची जनुकीय तपासणी आवश्यक ठरते.

तंतुकणिकांचे काही आजार केंद्रकातील जनुकांमुळेही होतात. ते आई-वडील दोघांकडून येऊ शकतात. त्यांपैकी सहविकर क्यू-१० च्या कमतरतेवर वेळीच औषध दिल्यास मूत्रपिंडे वाचू शकतात.

वारसा कोणी निवडून देत नाही. आईलाही तो तिच्या आईकडूनच मिळालेला असतो. म्हणून तिला बोल न लावता आजोळच्या आजारांची माहिती डॉक्टरांना सांगणे, हेच शहाणपणाचे होय.

पाठगत प्रश्न
१. तंतुकणिकांचा डीएनए पुढच्या पिढीला कोण देते?
२. मूत्रपिंडातील नलिकांना पुष्कळ ऊर्जा का लागते?
३. आईने मूत्रपिंड देण्यापूर्वी तिची जनुकीय तपासणी का करावी?